छातीतला पारवा

आप्पांचा उजवा कान कायम जरा गरम असायचा. वडिलांच्या कानाची ऊब सहसा कुणा लेकीला ठाऊक नसते. मला होती, कारण माझ्या लहानपणीची सकाळ त्या कानानेच व्हायची. मी अंथरुणात उठून बसले की आप्पा डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकायचे, माझ्या मागे मांडी घालून बसायचे आणि झग्यावरूनच माझ्या पाठीला कान लावायचे. तेवढा वेळ घरात कुणी बोलायचं नाही. माय हातातलं भांडं हातातच धरून उभी राहायची, खाली ठेवताना वाजेल म्हणून. आप्पा डोळे मिटून ऐकायचे, कान थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवायचे आणि मग निकाल द्यायचे. "आज न्हाई," किंवा, "हाय. पारवा हाय."

मला बाळदमा होता. श्वास सोडताना छातीत जो आवाज उठायचा त्याला आप्पांनी हे नाव दिलं होतं. जिंतूर तालुक्यातलं आमचं गाव लहान. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीच्या कपारीत पारवे राहायचे आणि दुपारी सगळं सामसूम झालं की त्यांचं घुमणं आमच्या वस्तीपर्यंत यायचं. मला खरंच वाटे की त्यांतलाच एखादा वाट चुकून माझ्यात शिरलाय. दम लागला की मी भिंतीला टेकून बसायची आणि त्याला मनातल्या मनात सांगायची, जा आता, तुझं घर तिकडं आहे. तो जीवघेणा आजार आहे हे मला फार उशिरा कळलं. आप्पांनी त्याला पाखराचं नाव दिल्यामुळे मला त्याची कधी भीती वाटली नाही.

कान लावायची सवय एकदा जडली की ती घरापुरती राहत नाही. पाहुण्याचं लेकरू दारात आलं की आप्पा त्याला नाव विचारायच्या आधी पाठ फिरवायला सांगायचे. गोठ्यातल्या वासराचीही यातून सुटका नव्हती. एका लग्नात तर त्यांनी वरपक्षाकडचं एक गुटगुटीत पोर मांडीवर घेतलं, कान लावला आणि त्याच्या आईला सांगितलं, "ह्याला गारीगार देऊ नगा, बाई. आत खरखर हाय." त्या घरच्या एका जाणत्या माणसाने जरा ठसक्यात विचारलं, "तुमी वैद्य हाव का?" आप्पा रुमाल झटकत म्हणाले, "न्हाई. बाप हाय." त्या लग्नात आमच्याकडे सगळे दुरून बघत होते आणि माय माझ्यामागे तोंड लपवत होती.

"जे पोटात जातं, तेच छातीत बोलतं," हे आप्पांचं आवडतं वाक्य. त्यांच्या मते माझ्या पारव्याला कुणीतरी चारा घालत होतं आणि तो चारा माझ्याच तोंडातून जात होता. म्हणून केळं बंद, पेरू बंद, सीताफळ बंद. चिंच, बोरं, ऊस, काकडी, ताक बंद. दही तर घरात नावालाही नको. आणि चालू काय, तर तव्यावरची गरम भाकर, लसणाचं तिखट, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, हळद घातलेलं दूध आणि अडुळशाचा काढा. अडुळसा ज्यांनी प्यायलाय त्यांना मी काही सांगायला नको. माडगं मात्र आप्पा स्वतः ढवळायचे आणि वाटी माझ्या हातात देताना त्यावर फुंकर घालायचे. ती फुंकर आठवली की आजही तोंडात हुलग्याची चव येते.

शाळेत जाऊन त्यांनी गुरुजींना बजावलं होतं, "हिला कुणी चिंच-बोरं दिली तर तुमी बगा." गुरुजी भले माणूस. मधल्या सुट्टीत मैत्रिणी ओच्यात बोरं घेऊन आल्या की ते मला वर्गात बोलवायचे आणि फळा पुसायला लावायचे. खडूची भुकटी नाकातोंडात जायची, मी खोकायची आणि संध्याकाळी घरी चौकशी व्हायची. "काय खाल्लंस?" मी म्हणायची, काही नाही. आप्पा माझ्याकडे बराच वेळ बघायचे. रागावायचे नाहीत. "बरं," एवढंच म्हणायचे, पण त्या 'बरं'मध्ये न पटलेलं असं काहीतरी असायचं. मी खरोखरच काही खाल्लेलं नसायचं. ते मला फार लागायचं.

पण त्यांच्यावर रुसायचीही सोय नव्हती. आप्पांना दही जीव की प्राण होतं, असं माय सांगायची. लग्न झालं तेव्हा भाकरीबरोबर कांदा आणि वाडगाभर दही एवढ्यावर त्यांचं जेवण व्हायचं म्हणे. माझी छाती वाजायला लागली आणि त्यांनी दही सोडलं. कुणाच्या घरी पानात वाढलं तरी बोटाने बाजूला सारायचे. आत्याने एकदा टोकलं, "तुला कामून पथ्य?" तर म्हणाले, "लेकरानं बगत ऱ्हायचं आन् बापानं वरपायचं, हे मला न्हाई जमत." अशा माणसाने आणलेला अडुळसा नाक दाबून का होईना, पण प्यावाच लागतो.

जिंतूरच्या डॉक्टरांनी एकदा गोळ्या लिहून देताना सांगितलं, "हिला धुरापासून आणि धुळीपासून जपा." आप्पांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला. घरी येताच चूल आतून काढून अंगणातल्या छपराखाली मांडली. पावसाळ्यात मायच्या पाठीवर छपराचं पाणी गळायचं, पण चूल परत आत आली नाही. अंगणात सकाळ-संध्याकाळ सडा पडू लागला. रस्त्याने बैलगाडी गेली तरी आप्पा आपला रुमाल माझ्या नाकाला लावायचे. एस.टी. आली तर मला पाठीशी घालून, तोंड फिरवून, धुरळा बसेपर्यंत उभे राहायचे. एवढा धुळीचा बंदोबस्त आख्ख्या तालुक्यात कुणी केला नसेल.

आणि मग हिवाळा यायचा, म्हणजे घरात कापूस यायचा.

कपाशीच्या गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. वेचणी सुरू झाली की गाठोड्यांमागून गाठोडी घरात येतात आणि जिंतूरचं खरेदी केंद्र उघडून आपला नंबर लागेपर्यंत कापूस घरातच राहतो. आमचं घर म्हणजे एक मोठी खोली आणि पुढे ओसरी. खोलीच्या एका कोपऱ्यात सुरू झालेला ढीग बघता बघता भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला टेकायचा. तसबिरीपुढची जागा आप्पा रोज हाताने मोकळी करायचे. दारं लावली की खोलीतला आवाज मऊ व्हायचा. माय बोलायची ते दुरून आल्यासारखं वाटायचं. कंदिलाचा उजेड कापसावर पडला की सगळी खोली आतून उजळलेली दिसायची आणि मला वाटायचं, आपण घरात नाहीच, ढगात कुठेतरी राहायला आलोय.

त्या ढिगात आप्पा माझ्यासाठी खोपा करायचे. दिवेलागणीला हाताने कापूस दाबून दाबून माझ्या मापाचा खड्डा करायचे, त्यातला पाल्याचा कचरा वेचून काढायचे, मग मला उचलून आत ठेवायचे आणि वरून आणखी दोन ओंजळी कापूस टाकायचे. थंडी बाहेर राहायची. अंगाला सरकीचा उग्र, तेलकट वास लागायचा. शेजारच्या बायका म्हणायच्या, राजाची पोरगीसुद्धा अशी झोपत नसेल. आप्पा म्हणायचे, "हितं तिला गारवा न्हाई, धूळ न्हाई. कसा पांढराशुभ्र हाय बगा." पांढऱ्यात मळ नसतो, हा त्यांचा साधा हिशेब. त्या खोप्यात मी जितक्या सुखाने झोपले तितकी नंतर कुठल्याही गादीवर झोपले नाही, आणि हेही खरं की माझा पारवा घुमायचा तो त्याच दिवसांत सगळ्यात जास्त.

दर हिवाळ्यात मी वाळत जायची. खांदे वर चढायचे, गळ्याजवळ श्वासागणिक खड्डा पडायचा. आप्पा सकाळी कान लावून उठायचे तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला असायचा. मग पथ्यातून आणखी एखादी वस्तू कमी व्हायची. एका वर्षी गूळ गेला, एका वर्षी शेंगदाणे गेले. शेवटी दूधही गेलं. "कशानं व्हायलंय, कळंना," असं ते मायला म्हणायचे आणि माय म्हणायची, "आता खायला ऱ्हायलंच काय तिला?" माय घरात फारसं बोलत नसे. तिचं ते बोलणं आप्पांना लागलं होतं, कारण त्या संध्याकाळी खोपा करताना त्यांचे हात मध्येच थांबत होते.

मी चौथीत असताना पिंगळीच्या मामांकडे बाळाचं नाव ठेवायचं होतं. मामा रेल्वेत होते. स्टेशनाजवळच्या क्वार्टरात राहायचे. माय मला घेऊन गेली आणि कापूस वेचायचा राहिलाय म्हणून मला तिथेच ठेवून परतली. निघण्याआधी आप्पांनी सांगितलेलं पथ्य तिने मामींना पुन्हा पुन्हा ऐकवलं. दोन-चार दिवसांत आप्पा येऊन मला नेणार होते. पण तेव्हाच विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला आणि सगळीकडे एस.टी. बंद झाल्या. आमच्या वस्त्यांत आनंद होता, आणि तो आनंद दार लोटूनच करावा लागत होता. नामांतराचा ठराव पहिल्यांदा झाला त्या वर्षी जळलेल्या घरांबद्दल मोठी माणसं आमच्यापुढे बोलत नसत, पण रस्त्यावर गाडी थांबली की सगळ्यांचे चेहरे कसे होतात हे आम्ही पोरं बघत होतो. आप्पा येऊ शकले नाहीत आणि मी पिंगळीला राहून गेले.

मामींनी दोन दिवस माझं पथ्य सांभाळलं. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "पोरीचं निस्तं चिपाड झालंय. खा माय तू. तुज्या बापाला मी बगते." त्यांच्या दारात म्हैस होती. त्यांनी वाटीभर दही पुढे ठेवलं. मी ते खाल्लं आणि पारव्याची वाट बघत बसले. रुळांकडच्या पायरीवर ऊन यायचं. लांबून गाडीची शिट्टी यायची, खडीवर ऊन थरथरायचं आणि मी छातीवर हात ठेवून ऐकायची. काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी केळं खाल्लं, तरी काही आलं नाही. बोरं खाल्ली, ऊस खाल्ला. श्वास येत होता आणि जात होता आणि मला त्याचा पत्ताही लागत नव्हता. आपण श्वास घेतोय हे विसरता येतं, हे मला पिंगळीच्या त्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

एस.टी. सुरू होताच आप्पा निघाले आणि परभणीहून पॅसेंजरने आले. स्टेशनातून थेट, धोतराला धुरळा तसाच. मी पायरीवर बसून दहीभात खात होते. मामींच्या हातातला पदर तोंडाशी गेला. माझा घास हातातच राहिला. आप्पांनी वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. रुमाल काढला. माझ्या मागे पायरीवर बसले आणि पाठीला कान लावला.

फार वेळ लावून ठेवला. इकडे सरकवला, तिकडे सरकवला. मग हळूच म्हणाले, "कुठं गेला?"

मामींनी भीत भीत सगळं सांगून टाकलं. केळी, बोरं, ऊस, रोजचं दही. एकेका वस्तूला आप्पा मान हलवत होते. ओरडले नाहीत. मामींनी दिलेलं पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "मग कशानं व्हायलंय, वहिनी?" परतीच्या गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते. नामांतराच्या गोष्टीने त्यांना केवढा आनंद झाला होता हे मायने मला नंतर सांगितलं, पण त्या प्रवासात त्यांचं लक्ष फक्त माझ्या पाठीकडे होतं. मधूनच हात ठेवायचे आणि काढून घ्यायचे.

घरी कापूस तसाच होता. बंदमुळे खरेदी केंद्रही उघडलं नव्हतं. संध्याकाळी मला भाकर आणि गरम पाणी मिळालं, दुसरं काही नाही. आप्पांनी नेहमीसारखा खोपा केला, कचरा वेचला, मला आत ठेवलं. सकाळी त्यांनी कान लावला आणि लगेच उचलला. एवढ्या झटकन त्यांनी कान कधी उचलला नव्हता. पारवा परत आला होता, आणि या वेळी मी काय खाल्लंय हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

ते उठले, ढिगातला मूठभर कापूस घेतला आणि दारात गेले. कोवळं ऊन तिरपं आत येत होतं. त्या उन्हात त्यांनी मूठ झटकली. कापसातून जे उडालं ते मी अंथरुणातून पाहिलं. बारीक, राखाडी, न संपणारं. ते उन्हाच्या पट्ट्यात तरंगत राहिलं आणि सावकाश खोलीत पसरलं. आप्पांनी पुन्हा मूठ घेतली, पुन्हा झटकली. मग तिथेच उंबऱ्यावर बसले. माय धावत आली. आप्पा तिला म्हणाले, "मीच घातलं गं तिला यात. ह्या हातानं." वडिलांना रडताना मी तेव्हा पाहिलं, आणि मला वाईट वाटण्याऐवजी इतकं मोकळं वाटलं की त्याचं आजही नवल वाटतं. मी काही खाल्लं नव्हतं हे अखेर त्यांना पटलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी सगळा कापूस बाहेर काढला. अंगणातल्या लिंबाखाली दगड मांडून त्यावर फळ्या टाकल्या, वर कापूस रचला, ताडपत्री ओढली. शेजारी उभं राहून बघत होते. "येडा झाला का रे? कापूस का सरपण हाय अंगणात टाकायला?" आप्पा गाठोडी उचलत राहिले. वर्षाची कमाई उघड्यावर टाकणं म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मायने खोली झाडली, भिंती पुसल्या, चुना दिला, जमीन सारवली. मग मात्र खोली इतकी मोठी आणि इतकी रिकामी दिसू लागली की आपलंच बोलणं आपल्याला ऐकू यायचं.

केंद्र उघडायच्या आधी अवकाळी पाऊस आला. ताडपत्री पुरली नाही. कापूस भिजला, पिवळा पडला आणि खरेदीत तो पार खालच्या प्रतीचा ठरला. आत्याने बोल लावला. आप्पा म्हणाले, "कापूस वाळतो." त्यापुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. पुढे दर वर्षी कापूस अंगणातच राहिला. पहिल्या वर्षाने शहाणे होऊन त्यांनी पत्र्याचं छप्पर घातलं एवढाच फरक.

ज्या दिवशी कापूस बाहेर गेला त्या संध्याकाळी आप्पा कुणाकडून तरी वाडगाभर दही घेऊन आले. माझ्यापुढे ठेवलं आणि समोर बसले. मी म्हणाले, "तुमी बी खा." त्यांनी बोटभर घेतलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. "लय आंबट हाय," म्हणाले आणि वाडगा जवळ ओढला. ते आंबट मुळीच नव्हतं.

पारवा एकदम गेला नाही. वैशाखातल्या वावटळीत यायचा, शाळेत झाडलोट झाली की यायचा, पण वस्तीला राहायचा नाही. मी शिकले, परभणीला नोकरीला लागले, माझं लग्न झालं, लेक झाली. आप्पा आले की नातीला दही भरवायचे, केळं सोलून द्यायचे आणि तिची गादी मात्र दारात नेऊन बदडायचे. उडालेली धूळ उन्हात बघत उभे राहायचे. "पोटाचं पोट बगून घेतं," असं आता त्यांचं वाक्य झालं होतं. जुन्या वाक्याची मी कधी आठवण करून दिली नाही.

शेवटच्या वर्षी त्यांना ऐकू येईनासं झालं. आधी डावा कान गेला, मग उजवाही. कानाशी ओरडलं तरी ते हसून मान हलवायचे आणि भलतंच उत्तर द्यायचे. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं. ते माझ्याकडे परभणीला होते. अंथरुणाला खिळले होते आणि खाणं जवळजवळ थांबलं होतं. मी दही कालवून चमच्याने द्यायची, तेवढं मात्र घ्यायचे.

एका सकाळी मी त्यांच्या खाटेच्या कडेला बसले होते. त्यांनी हाताने खूण केली, पाठ फिरव. मला आधी कळलं नाही. मग मी वळले. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, तो काढायलाही त्यांना वेळ लागला, आणि कष्टाने कलून माझ्या पाठीला उजवा कान लावला. त्या कानाला आता काही ऐकू येत नव्हतं. ते मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. तरी स्वयंपाकघरातली माझी लेक हातातलं भांडं धरून तशीच उभी राहिली. कान पूर्वीसारखाच गरम होता. मी सावकाश श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. माझ्या श्वासाबरोबर त्यांचा गाल माझ्या पाठीवर वर होत होता आणि खाली येत होता.

"साफ हाय," आप्पा म्हणाले.

कान त्यांनी उचलला नाही. मीही हलले नाही.